पॉलिनचा खांब

लाट पुढे जाते, पाणी जात नाही. हे एवढंसं वाक्य मी गेली सव्वीस वर्षं नववीच्या पोरांच्या डोक्यात घालायचा प्रयत्न करते आहे. तरी दरवर्षी सहामाहीच्या पेपरात अर्धा वर्ग लिहितोच, ‘लाटेमुळे पाणी किनाऱ्यापर्यंत वाहून येते.’ वसईची पोरं, समुद्राच्या कुशीत वाढलेली, आणि हे लिहितात! मी लाल पेनाने अशी काट मारते की मागच्या पानावर उमटते. माणिकपूरच्या आमच्या शाळेत माझ्या रागाची ख्याती आहे आणि मी ती जपून ठेवली आहे.

हे वाक्य मला पुस्तकाने शिकवलं नाही. बाबाने शिकवलं, पाचूबंदरच्या जेट्टीवर, मी सात वर्षांची असताना. त्याने नारळाचं सोडण पाण्यात टाकलं आणि म्हणाला, “बघ आता.” लाट आली, सोडण वर गेलं. लाट गेली, सोडण खाली आलं आणि होतं तिथेच डुलत राहिलं. मी कितीतरी वेळ वाट बघत बसले की आता ते पुढे जाईल, मग जाईल. बाबा हसला. “लाट निरोप घेऊन जाते गो सेलिन. पानी घरीच ऱ्हातं.” माझा बाबा, अँथनी, शाळेची पायरी चढलेला नाही. त्याला लिहिता-वाचता येत नाही, सही येते तेवढी.

त्या शुक्रवारी माझ्या धाकट्या भावाचा, मर्विनचा, फोन आला.

“बाय, बाबाला तुझ्याकडे घेऊन जा.”

“आता काय झालं?”

“रोज दुपारी जुन्या होडीत जाऊन बसतो. वल्हं दातात धरतो.”

“दातात?”

“दातात! लोकं हसतात. परवा तोल जाऊन पान्यात पडला, बाजूच्या होडीवाल्यानं काढला. मी समुद्रात, फ्लॉसी मासळी विकायला बाजारात, कोन लक्ष देनार? त्याचं डोकं फिरलंय, बाय. तिथं तुझ्या फ्लॅटमधी निदान पडनार तरी नाय.”

मी ‘उद्या येते’ म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत बसले. बाबाला समुद्रावरून उचलून तिसऱ्या मजल्यावर आणायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं आणि मर्विनलाही कळत होतं.

एके काळी बाबा आमच्या बोटीचा कान होता. घोळ मासा बोलतो, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते, ती थरथरवून तो डुर्र् डुर्र् असा आवाज काढतो. जुनी माणसं बोटीची मशीन बंद करायची, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायची आणि मूठ कानाला लावायची. बाबाला त्या मुठीतून नुसता आवाज यायचा नाही. घोळ किती आहेत, कुठे निघाल्या आहेत, सगळं तो सांगायचा आणि तिथे जाळं पडायचं. पुढे मासळी दाखवणारा पडदा बोटीवर आला आणि त्याच सुमारास बाबाचे कान गेले. जो हाक ऐकत नाही त्याने बोटीवर चढायचं नाही, असा आमच्या बंदरावरचा रिवाज आहे. जाळं ओढताना कुणी ‘थांब’ म्हणून ओरडलं आणि ऐकू आलं नाही, तर दोरात पाय अडकून माणूस जातो. बाबाने स्वतः दोन म्हाताऱ्यांना ह्याच रिवाजाने किनाऱ्यावर बसवलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा तो एक शब्द न बोलता उतरला. त्याला सहा वर्षं झाली.

डॉक्टरकडे मात्र तो आला नाही. “मशिनीच्या आवाजानं गेले, वयानं गेले, आता काय बघायचं?” एका शिबिरातून मी कानात घालायचं यंत्र आणून दिलं. ते शिट्टी मारतं म्हणाला आणि सुक्या बोंबलांच्या टोपलीत ठेवून विसरला. तेव्हापासून आम्ही सगळे त्याच्याशी ओरडून बोलतो. जेवलास का? गोळी घेतलीस का? छत्री ने! सहा वर्षांत ह्यापलीकडे मी त्याच्याशी काही बोलल्याचं आठवत नाही.

आणि एक गोष्ट बोलायची राहिली होती.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. पॉलिन तिचं नाव. छातीत न्यूमोनिया झाला, चार दिवस इस्पितळात होती. शेवटच्या दुपारी तिने डोळे उघडले, बाबाचा हात धरला आणि त्याच्याकडे बघत चार-पाच वाक्यं बोलली. अगदी हळू, ओठांच्या ओठांत, आणि मधे हसलीसुद्धा. बाबाने ‘हां, हां’ म्हणून मान हलवली, बहिरी माणसं हलवतात तशी. मग तिने डोळे मिटले आणि संध्याकाळी ती गेली.

“काय बोलली?” त्याने बाहेरच्या बाकावर मला विचारलं.

मी ऐकलं होतं. खांब, कान, मशीन, रोज, असलं काहीतरी होतं त्यात. अंगात ताप होता, मी म्हटलं तापातली बडबड. आणि समजा बडबड नसती, तरी ती सांगायची कशी? बाबाला काही सांगायचं म्हणजे आठ खाटांचा सगळा वॉर्ड ऐकणार. मेलेल्या बाईचे शेवटचे शब्द असे हाळी दिल्यासारखे ओरडायचे? मी कपाळाला हात लावून ताप होता अशी खूण केली आणि हात हलवून ‘काही नाही’ म्हटलं.

“पॉलिन बडबडनारी बाई नव्हती,” बाबा म्हणाला.

त्यानंतर मी दर वेळी घरी गेले की तो हेच विचारायचा, आणि मी दर वेळी तीच खूण करायची. शेवटी त्याने त्याचं उत्तर स्वतःच काढलं. “दमले, असंच बोलली असेल. दुसरं काय बोलनार?”

ह्याचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जेट्टीवर जुन्या काळचा एक लाकडी खांब आहे, डांबर फासलेला. नवीन जेट्टी सिमेंटची झाली तरी तो होड्या बांधायला राहिला. बोटी यायच्या वेळेला बंदरावरच्या बायका टोपल्या घेऊन हसत-खिदळत समुद्राकडे डोळे लावून बसायच्या. आई मात्र त्या खांबाला डोकं टेकून उभी असायची, डोळे मिटून, समुद्राकडे पाठ करून. बाबा बोट घेऊन आत शिरायचा तेव्हा त्याला आधी दिसायची ती आईची पाठ. तरी गंमत अशी की बाबाची बोट दिसायच्या आधीच ती बायकांना ‘आले’ म्हणून सांगायची. “तुला कसं कळतं गो?” तो विचारायचा. “तुमचा वास येतो,” आई म्हणायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. बाबाही हसायचा. पण त्याच्या मनात तो खांब आणि ते टेकलेलं डोकं कायमचं रुतून बसलं होतं. “जल्मभर दमवली मी तिला,” असं तो म्हणायचा. मी “नाही रे बाबा!” म्हणून कानाशी ओरडायची. एवढं त्याला ऐकू यायचं, पण पटायचं नाही. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा जुना दोष आहे.

शनिवारी शाळेत प्रात्यक्षिकं होती. तिथूनच मी रिक्षा पकडली. हातात बाबाचे कपडे भरायला रिकामी बॅग आणि पर्समध्ये नादकाटा, आपटला की एका सुरात घुमणारा पोलादी चिमटा. गेल्या वर्षी प्रयोगशाळेच्या कपाटातून दोन नादकाटे गायब झाले, तेव्हापासून माझा मी बरोबर नेते.

ऑक्टोबरचं ऊन होतं. पाचूबंदरला उतरले तर सगळं बंदर पेंगत होतं. भांगाचे दिवस, भरती-ओहोटीला जोर नाही, पाणी तेलासारखं सपाट. किल्ल्याच्या तटावरची झाडं हलत नव्हती. बोटी अजून यायच्या होत्या. घराच्या ओटीवर फ्लॉसी, मर्विनची बायको, कोळंबी सोलत होती. तिने हनुवटीने जेट्टीकडे खूण केली.

बाबा होडीत बसला होता. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलेलं, मूठ दातांत, डोळे मिटलेले. पांढरे केस उन्हात चमकत होते. खरं सांगते, मला रडू आलं. ज्याने मला लाट शिकवली त्या माणसाचं हे असं झालं, असं वाटलं.

मी चपला हातात घेऊन होडीत उतरले. होडी हलली तशी त्याने डोळे न उघडता सरकून मला जागा दिली. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, “बाबा! घरी चल! माझ्या घरी!”

त्याने मूठ तोंडातून काढली आणि ओठांवर बोट ठेवलं. “ओरडू नको. घोळ बोलते हाय.”

“तुला ऐकू येत नाही, बाबा!”

“वरचं नाय येत,” तो म्हणाला. “खालचं येतं.” आणि वल्ह्याची मूठ त्याने सदऱ्याला पुसून माझ्यापुढे धरली. “दातात धर.”

मी मान हलवली. समोर जाळं दुरुस्त करणाऱ्या दोन बायका हातातलं काम सोडून बघत होत्या. सोमवारी ही बातमी शाळेत पोचणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

“टीचर हाय ना तू?” बाबा म्हणाला. “मग न बघता काट मारतीस काय?”

झालं. एवढं बोलल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. मी वल्हं दातात धरलं.

खारट, तेलकट लाकूड. आधी काहीच नाही. मग मी डोळे मिटले आणि श्वास सावकाश केला. हळूहळू माझ्या कवटीत एक गाव जागं झालं.

सगळीकडून बारीक तडतड येत होती, शेजारच्या घरात मोहरी फुटावी तशी, पण न थांबणारी. तळाशी चिखलात झिंगे आणि कोण कोण जीव असतात, त्यांचा तो बाजार. त्याच्याखाली एक मंद घूं, खूप लांबच्या कुठल्या तरी जहाजाची. कुणाच्या तरी नांगराची साखळी घसरली आणि ती माझ्या दाढेवरून घसरल्यासारखी स्पष्ट ऐकू आली. वर कावळे ओरडत होते, कुणाच्या घरात कुकरची शिट्टी होत होती, रिक्षा वळत होती. त्यातलं खाली काही नव्हतं. खाली वेगळीच दुपार चालली होती, हिरवट, अंधारी, शांत. मी किती वेळ तशी बसले कोण जाणे. आपण पाण्याच्या वर आहोत की खाली, हे मला नीटसं कळेनासं झालं. मग दुरून आलं, डुर्र् डुर्र्. थोडं थांबून, दुसरीकडून, डुर्र्.

मी डोळे उघडले. बाबा माझ्याकडे बघून हसत होता.

“दोन हायत,” तो म्हणाला. त्याने वल्ह्याला हात लावला नव्हता. मघाशी ऐकलेल्या दोन त्याला आठवत होत्या.

सव्वीस वर्षं मी फळ्यावर लिहिते आहे. हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटर जातो, पाण्यात दीड हजार, लाकडात त्याहूनही पुष्कळ जास्त. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की हजारातला एखादाच हिस्सा आत जातो, बाकीचा पृष्ठभागावरूनच माघारी फिरतो. हवेचं आणि पाण्याचं जमत नाही. पाण्याचं आणि लाकडाचं जमतं, लाकडाचं आणि हाडाचं जमतं, तिथे आवाज अडत नाही. ह्यावर मी पाच मार्कांचा प्रश्न काढते. आणि माझ्या सख्ख्या बापाने दातात वल्हं धरलं तेव्हा मला वाटलं त्याला वेड लागलं! माझी मलाच इतकी लाज वाटली की तोंड कुठे लपवू असं झालं.

कानाच्या पडद्यामागे तांदळाएवढी तीन हाडं असतात. हवेतला आवाज आतल्या पाण्यात उतरवून देणं हे त्यांचं काम. ती आखडली की हवेकडचं दार बंद होतं. पण आतली नस शाबूत असेल तर कवटीकडचं दार उघडंच असतं. तसं असेल का? मी पर्स उघडली.

नादकाटा चपलेच्या टाचेवर आपटला आणि बाबाच्या कानाशी धरला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, बिचारीचं मन मोडायला नको असा चेहरा करून. काही नाही. मी काटा पुन्हा वाजवला आणि ह्या वेळी त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला.

बाबाने माझं मनगट पकडलं.

“घंटा,” तो म्हणाला. मग डोळे मिटून, “अजून हाय... अजून हाय...” काटा थंड पडेपर्यंत त्याने हात सोडला नाही. “अजून हाय,” तो म्हणतच होता, आणि मला समोरचं काही दिसेनासं झालं होतं. सहा वर्षं! सहा वर्षं मी त्याच्या बंद दारावर ओरडत बसले होते, आणि बाजूचं दार उघडं होतं.

बाबाला सगळं लगेच कळतं. त्याने वल्हं पाण्यातून काढलं, पातं माझ्या मांडीवर ठेवलं, मूठ स्वतःच्या हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

“आता सांग. काय बोलली ती?”

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण त्याच्या खांद्यावरून मला तो खांब दिसत होता. जेट्टीवरून तो कायम वरून दिसतो. आज होडीत खाली बसल्यावर मी त्याचा पाय पाहिला. डांबराचा तो काळा बुंधा सरळ पाण्यात उतरला होता, आत खोल, चिखलापर्यंत. वल्ह्यासारखा. खांब. कान. मशीन. रोज.

आई बडबडली नव्हती. एक अक्षरही बडबडली नव्हती. मीच न बघता काट मारली होती.

मी बाबाला खूण केली, मूठ दातात धर. पात्यावर मी माझी हनुवटी घट्ट टेकवली. आणि अगदी हळू, आईच्या उशाशी बोलले असते तेवढ्याच आवाजात म्हटलं, “बाबा.”

त्याने डोळे मिटले. मग मूठ जराशी काढून म्हणाला, “तुझा आवाज बदलला गो. घोगरा झाला.” आणि थोड्या वेळाने, “ओरडून ओरडून.”

“बाबा, आई काय म्हणाली ते सांगते. जशी म्हणाली तसंच सांगते.”

त्याने मूठ पुन्हा दातात धरली. मी आठवत, शब्द चाचपत बोलायला लागले, आणि ते मला सगळे आठवले. दोन वर्षं ते माझ्यापाशी जसेच्या तसे पडून होते.

“आई म्हणाली, ‘तुमाला वाटतं मी दमून उभी ऱ्हायची. दमून नाय ओ. खांबाला कान लावायची. तुमची मशीन पान्यातून येते, बोट दिसायच्या आधी मना आयकू येते. रोज आयकली. कुनाला बोलले नाय, हसतील म्हनून. तुमाला पन नाय.’ मग ती हसली, बाबा. आणि म्हणाली, ‘घ्या, आता सांगितलं.’”

होडीखाली पाणी हलकंसं वाजलं. बाबाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वल्ह्यावर पडत होतं. तो हलला नाही.

“परत बोल,” तो दातांतून म्हणाला.

मी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ‘घ्या, आता सांगितलं’ला तो हसला, रडतारडता, तोंडात लाकूड धरून. मीही हसले. जाळंवाल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. बघोत.

“आनि मना सांगत होती, वास येतो म्हनून,” तो म्हणाला. “चाळीस वर्सं! लबाड.” हा शब्द तो इतक्या मायेने बोलला की मी तोंड फिरवलं.

मग तो उठला. मी हात द्यायला गेले तर त्याने झटकला आणि एकटा जेट्टीवर चढला. खांबाजवळ जाऊन त्याने तळव्याने लाकूड चाचपलं, वरपासून खाली, जाळ्याची वीण तपासतो तसं. एका जागी हात थांबला. मी जवळ जाऊन पाहिलं. सगळीकडे डांबराचे पोपडे होते, आणि तेवढ्या तळहाताएवढ्या जागेत लाकूड उघडं पडून गुळगुळीत झालं होतं. एवढी वर्षं आम्ही सगळे तिथून येत-जात होतो. बाबा उंच आहे. आई ठेंगणी होती. तिथे डोकं टेकवायला त्याला चांगलंच वाकावं लागलं.

कानामागचं हाड त्याने त्या जागेवर टेकवलं. समुद्राकडे पाठ केली. डोळे मिटले.

एव्हाना चार वाजत आले होते. एकेक करून बायका टोपल्या घेऊन जमू लागल्या. फ्लॉसीही आली आणि माझ्या हातातल्या बॅगेकडे बघून हळूच म्हणाली, “कपडे काडून ठेवू काय बाबाचे?”

“नको,” मी म्हटलं. “सोमवारी सकाळी तेवढा तयार ठेव त्याला. कानाच्या डॉक्टरकडे नेते आणि दुपारी परत आणून सोडते. ह्या वेळेला नाही म्हणायचं नाही म्हणावं. मी सांगेन त्याला, वल्ह्यातून.”

तिला काही कळलं नाही. मला पुढे समजावून सांगायचं होतं, पण तेवढ्यात बाबाने एक बोट वर केलं.

“मर्विन,” तो म्हणाला.

सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र रिकामा होता. किल्ल्याच्या कडेपर्यंत नुसतं पाणी आणि त्यावर पसरलेलं ऊन. एक बाई फ्लॉसीकडे बघून कपाळाशी बोट फिरवून हसली. मी घड्याळाकडे बघितलं, प्रात्यक्षिकाला बघते तसं. एक मिनिट. दोन. बाबाच्या चेहऱ्यावर मघाचं ते हिरवट, शांत काहीतरी उतरलं होतं. तीन. चार. मला वाटलं आपण सगळे त्या सोडणासारखे जागच्या जागी डुलतो आहोत आणि आपल्यातून काहीतरी चाललं आहे, आईकडून निघालेलं, अजून न थांबलेलं. पाच. सहाव्या मिनिटाला तटाच्या मागून आमची निळ्या पट्ट्याची बोट बाहेर आली. कपाळाशी बोट फिरवणारी बाई समुद्र सोडून खांबाकडे बघायला लागली.

मर्विनने बोट लावली, दोर टाकला आणि उडी मारून वर आला. त्याने बाबाला पाहिलं, खांबाला टेकलेलं ते डोकं, मिटलेले डोळे, समुद्राकडे फिरवलेली पाठ. त्याचा चेहरा एकदम उतरला.

“काय झालं बाय?” त्याने मला विचारलं. “बाबा दमला काय?”

पाचूबंदरची बोली माझ्या तोंडातून सुटून तीस वर्षं झाली असतील.

“नाय रं,” मी म्हटलं. “तुला आयकत होता.”